डाव्या हाताचं वर्ष

वर्षाचा शेवटचा दिवस कुडकुडत उजाडला, पण आईचं डोकं पहाटेपासूनच तापलेलं होतं. चूल पेटेना म्हणून ती चुलीवर ओरडली. लाकडं ओली राहिली म्हणून नवऱ्यावर ओरडली. नवरा त्यावर काहीच बोलेना म्हणून त्याच्यावर पुन्हा एकदा ओरडली. गावात तिला माघारी तोफ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून ते आवडायचंही.

चहा घशाखाली ढकलून ती गोठ्यामागच्या पडवीत गेली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांच्या जुन्या मुठी काढायच्या आणि नव्या बसवायच्या, हा तिचा नेम. ती सुताराची लेक. बापाच्या शेजारी बसून रंधा मारायला शिकलेली. लग्न होऊन या घरात आली तेव्हा खुरप्याला कुठलीतरी वाकडी काटकी ठोकलेली पाहून तिचं पित्त खवळलं होतं. तेव्हापासून घरात दुसऱ्या कुणाच्या हातची मूठ आली नाही. ज्याचं खुरपं त्याचं, ज्याचा विळा त्याचा, आणि मूठ ज्याच्या त्याच्या पंजाच्या मापाची. मुलं लहान होती तेव्हा ती सुतळीनं त्यांच्या पंजाचं माप घ्यायची. गुदगुल्या होतात म्हणून थोरला हात ओढून घ्यायचा, आणि धाकटी मात्र माप झालं तरी हात पुढेच धरून बसायची.

जुनी मूठ काढली की चुलीत घालण्याआधी आई ती वाचायची. वाचायची म्हणजे अगदी पत्र वाचावं तशी. वर्षभर घाम पिऊन मूठ काळी पडते. बोटांच्या जागी घळ्या पडतात, अंगठा टेकतो तिथं खोलगट होतं. कोण किती राबलं, कुणी अंग चोरलं, कुणाचा पंजा वाढला, सगळं आईला त्यावरून कळायचं. थोरला तेरा वर्षांचा असताना त्याची मूठ वर्षअखेरीला कोरीच्या कोरी निघाली होती. त्या दिवशी त्याला जेवण मिळालं नव्हतं आणि सगळ्या आळीला आईचा आवाज मिळाला होता.

यंदा तर तिला वाचायची घाई झाली होती. ओढ्यापलीकडचं खालचं शेत यंदा तिनं थोरल्याच्या हवाली केलं होतं. तिचा गुडघा धरला होता, उतार उतरून खाली जाणं जमेना. म्हणून वरचा भाजीचा मळा तिच्याकडे आणि खालचं थोरल्याकडे. आणि पोरानं काय पिकवलं म्हणता! मक्याची कणसं कोपरापर्यंत लांब. तणाचं नाव नाही. आईनं बाजारात सांगितलं, विहिरीवर सांगितलं, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून सांगितलं. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी खळ्यावर ट्रॅक्टरवाला सगळ्यांच्या नांगरटीच्या पाळ्या लिहून घ्यायचा. उद्या तिथं सगळ्यांसमोर खालचं शेत कायमचं थोरल्याचं म्हणून सांगायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

धाकटीचंही ठरवून टाकलं होतं. एकोणीस वर्षांची घोडी उद्याच्या गाडीनं शहरात मावशीकडे, कपडे शिवायच्या कारखान्यात. पत्र्याची पेटी भरून ओसरीवर तयार होती. दुसरं करणार काय? पोरीला शेजारच्या गावात शिवणवर्गाला घातलं, तर तीन महिन्यांनी वर्गाच्या बाई बाजारात भेटून म्हणाल्या, तुमची मुलगी फिरकलीच नाही. सकाळी घरातून निघते, दुपारी भावाचा डबा घेऊन खाली जाते, तिन्हीसांजेला येते आणि ताटावर बसून डुलक्या काढते. मग असते कुठं? झोपते कुठंतरी झाडाखाली. मळणीच्या दिवशी आईनं खळ्यावर, अख्ख्या गावादेखत, तोंडाचा पट्टा सोडला होता. "ही बघा आमची झोपाळू! भाऊ उन्हात हाडं झिजवतो आणि ही सावलीत घोरते!" लोक पोट धरधरून हसले. पोरगी मान खाली घालून पोत्यांची तोंडं शिवत राहिली. त्या दिवसापासून गावातली पोरंसोरं तिला झोपाळू म्हणू लागली, आणि महिन्याभरात मोठी माणसंही.

आईनं आधी नवऱ्याची हत्यारं उरकली. मग स्वतःची. मग धाकटीचं खुरपं घेतलं. मूठ गेल्या वर्षी बसवली होती तशीच, पांढरी, नुसती धूळ बसलेली.

"शाब्बास," आई स्वतःशीच म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा हीच वापरू."

मग तिनं थोरल्याचं खुरपं मांडीवर घेतलं. मूठ काळीभोर, तुळतुळीत, बोटांच्या घळ्या स्पष्ट. बघून तिचा ऊर भरून आला. तिनं मूठ उजव्या हातात धरली आणि अंगठा त्याच्या खड्ड्यात टेकवायला गेली.

खड्डा सापडेना.

तिनं मूठ फिरवली. उजव्या हातात खुरपं धरलं की अंगठा मुठीच्या डाव्या अंगाला बसतो. तिथं लाकूड सपाट होतं. खड्डा होता उजव्या अंगाला. तिनं मूठ डाव्या हातात घेतली, आणि अंगठा गपकन जाऊन बसला. बोटांच्या घळ्याही लागोपाठ लागल्या. बारीक बोटांच्या घळ्या.

तिनं विळा ओढला. तसाच. छोटी कुऱ्हाड ओढली. तशीच. थोरल्याची सगळी हत्यारं डाव्या हातानं झिजली होती, आणि या घरात डावखुरं माणूस एकच होतं. लहानपणी सासू धाकटीचा डावा हात फडक्यानं बांधून ठेवायची, तेव्हा याच आईनं सासूशी उभा दावा मांडला होता आणि लेकीसाठी डाव्या हाताच्या मुठी वेगळ्या घासल्या होत्या.

आईला आधी काहीच कळेना, मग सगळं एकदम कळलं. तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की कानात गरम वारं शिरल्यागत झालं.

"अहो!"

नवरा गोठा झाडत होता. तो घमेलं घेऊन दाराशी आला, बायकोच्या डाव्या हातातली मूठ त्यानं पाहिली आणि घमेलं हळूच खाली ठेवलं. तेवढ्यावरून आईला उरलंसुरलंही समजलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"कशाचं?"

"कशाचं म्हणून विचारू नका! म्हशी रोज ओढ्यावर कोण नेतं? मी नेते?"

"पावसाळ्यात कळलं," नवरा म्हणाला.

"आणि?"

"आणि काय. ती म्हणाली, बाबा, आईला सांगू नका. मग नाही सांगितलं."

"ती म्हणाली म्हणून? उद्या ती म्हणेल, आईला ओढ्यात ढकला. ढकलाल?"

नवऱ्यानं यावर जरा विचार केला. तो विचार करतोय हे पाहून आई आणखीच भडकली.

"धाकटेऽ! ये इकडं! आत्ताच्या आत्ता ये!"

धाकटी आली. उंच, रापलेली, डोक्याला रुमाल बांधलेली. पडवीत मांडलेल्या मुठी तिनं एका नजरेत पाहिल्या आणि दारातच उभी राहिली.

"हात दाखव," आई म्हणाली.

"कशाला?"

"डावा हात दाखव म्हणते ना!"

पोरीनं हात पुढे केला नाही, तेव्हा आईनंच तो मनगटाला धरून ओढला आणि उलटा केला. तळव्यावर घट्टे होते, पिवळे, टणक, चार बोटांखाली चार. अंगठ्याच्या मुळाशी विळ्याचा जुना वार भरून आलेला. आईचा स्वतःचा तळवा असाच होता. हा हात आपण शेवटचा कधी धरला होता, हे तिला आठवेना. गेली तीन वर्षं तिनं सुतळीचं माप घेतलंच नव्हतं. पोरगी मोठी झाली, आता पंजा काय वाढणार, असं म्हणून अंदाजानं मूठ घासून मोकळी व्हायची. मूल चालायला लागेपर्यंत आपण त्याला खाली ठेवत नाही, आणि मग एके दिवशी त्याचा हात सोडतो तो सोडतोच. घट्टे पडेपर्यंत पत्ता नाही. आईला स्वतःचा असा काही राग आला की तिनं तो लेकीवर काढला.

"खोटारडी! वर्षभर माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस! त्याची हत्यारं का घेतलीस?"

"तू वर्षअखेरीला मुठी बघतेस म्हणून," धाकटी म्हणाली. "माझी झिजली असती तर तुला कळलं असतं. त्याची झिजायला हवी होती."

"आणि डाव्या हाताचं काय?"

"ते डोक्यातच आलं नाही," धाकटी म्हणाली, आणि ती स्वतःवरच इतकी चिडलेली दिसली की क्षणभर आरशात बघितल्यासारखं आईला वाटलं. "सगळा विचार केला. त्याच्या मुठीला माती लावून ठेवायची, माझ्या मुठीवरची धूळ पुसायची नाही. आणि हे एवढं मोठं विसरले."

"पण कशासाठी? सरळ तोंडानं बोलायला काय झालं होतं?"

"बोलले होते."

"कधी?"

"दोन वर्षांपूर्वी. तू लसूण सोलत होतीस. मी म्हटलं, आई, खालचं शेत मला करू दे, त्याला त्यातलं काही आवडत नाही. तू वर बघितलंही नाहीस. म्हणालीस, मुलीनं शेत मागायचं नसतं, शिवण शिकायचं असतं."

"मी असं म्हणाले?"

"म्हणालीस," दारातून नवरा बोलला.

"तुम्ही गप्प बसा! वर्षभर बसलात तसे बसा!"

पण नवरा आज गप्प बसायचं विसरला होता. "तुझ्या वडिलांनी हत्यारांची पेटी तुझ्या भावाला दिली," तो म्हणाला, "त्यानं ती कधी उघडलीसुद्धा नाही. रंधे गंजले. ते बघून आलीस तेव्हा तू तीन दिवस कुणाशी बोलली नव्हतीस. घरात इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती आणि त्यानंतरही नाही."

आईनं विळ्याची मूठ खटकन उपटून हातात घेतली. हा माणूस पंचवीस वर्षं मूग गिळून बसतो आणि बोलायला लागला की नेमका इथंच बोट ठेवतो! ती त्याला काहीतरी जिव्हारी लागेल असं सुनावणार, तोच अंगणात सायकलची घंटी वाजली आणि थोरला आला. खुशीत. शीळ घालत.

"थांब तिथंच," आई म्हणाली. "हात दाखव."

बावीस वर्षांच्या थोरल्यानं हात पुढे केले. बोटांच्या पेरांत काळं वंगण, नखं तेलकट. घट्ट्यांचा मागमूस नाही.

"कुठं होतास वर्षभर?"

थोरल्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं मुठीकडे बोट दाखवलं. मग त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. "पंपवाल्याकडे. पुढच्या गावातल्या. इंजिनं खोलायला शिकलो आई. आता तो नसला तरी दुरुस्ती माझी मी करतो. मला शेत नकोय. ढेकळं बघितली की मला झोप येते."

"झोप तुला येते," आई दातओठ खात म्हणाली. "आणि झोपाळू नाव तिला. खळ्यावर मी तुझी पाठ थोपटत होते तेव्हा बरं वाटलं?"

"तू बोलायला लागलीस की मध्ये बोलायची सोय असते का?"

"आणि तिला मी नाही नाही ते बोलत होते, तेव्हा कुठं होतास?"

"तिथंच."

"काय करत होतास?"

थोरला नखातलं वंगण खरवडू लागला.

"मी विचारते, काय करत होतास? हसलास?"

"सगळेच हसत होते," थोरला पुटपुटला.

आईनं हातातली मूठ भिरकावली. ती त्याच्या कानाजवळून जाऊन घमेल्यावर आदळली आणि गोठ्यातली म्हैस दचकून उठली. मग तोफेनं तोफेचं काम केलं. नालायक, बेशरम, बहिणीच्या घामावर मिशीला पीळ देणारा, तिच्या हातचा डबा आणि तिच्याच हातचं शेत खाणारा. शेजारच्या घराच्या खिडक्या उघडल्या. थोरला मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी आई थांबली नाही. थांबली ती एका शब्दापाशी. "सगळ्या गावाला हसायला लावलंस" असं ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला कळलं की गावाला त्यानं हसवलं नव्हतं.

तिनं मांडीवरचं खुरपं उचलून भिंतीशी ठेवलं.

"पेटी उघड," शेवटी आई धाकटीला म्हणाली. आवाज तोच, करवतीसारखा. "उद्या जायचं नाही. खालचं शेत तुझं. हा जाऊ दे पंपवाल्याकडे, नाहीतर समुद्रात."

"मी उद्या जाणार आहे," धाकटी म्हणाली.

"कानात बोळे घातलेत का? शेत तुला देते म्हणते!"

"ऐकलं. इथं दिलंस, पडवीत, म्हशीसमोर." धाकटीनं रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. "मला झोपाळू केलंस ते खळ्यावर."

"मग काय करू आता?"

"ते तूच बघ. गाडी साडेआठला आहे." आणि ती ओसरीवर निघून गेली.

आता आईचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. या बाईनं उभ्या जन्मात बोललेला शब्द मागे घेतला नव्हता. आठ वर्षांपूर्वी तिनं गिरणीवाल्यावर पीठ चोरल्याचा आळ घातला होता. दुसऱ्या दिवशी पीठ घरातच पिंपामागे सापडलं. पण चुकलं म्हणायला लागू नये म्हणून ती तेव्हापासून दळण घेऊन दोन गावं पलीकडच्या गिरणीत जात होती. गुडघा गेला तो त्या वाटेवरच्या चढानंच. अशा बाईला पोरीनं हे काम सांगितलं होतं.

दिवसभर ती पडवीतून बाहेर आली नाही. धाकटीच्या नव्या मुठीसाठी माप हवं होतं, पण आता हात पुढं कर म्हणायची तिची छाती होईना. जुन्या मुठीतल्या खड्ड्यावरूनच तिनं नवी घासली, आणि घासताना सगळ्यांना शिव्या घातल्या. नवऱ्याला, पोराला, शिवणवर्गाच्या बाईला, गावाला. कानस हळू चालायला लागली की त्या शिव्या फिरून तिच्याकडेच यायच्या. मग ती पुन्हा जोर लावायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर धुकं होतं. माणसं कांबळी पांघरून, हात काखेत घालून गोल उभी होती. ट्रॅक्टरवाला पोत्यावर बसून वही उघडून पेन्सिलीला टोक करत होता. खळ्याच्या कडेनंच रस्ता जातो. गाडी तिथंच थांबते. रस्त्यावर धाकटी पेटीवर बसली होती, पाठ खळ्याकडे करून. नवरा थोड्या अंतरावर उभा होता. थोरला यायला तयार नव्हता, त्याला आईनं कॉलर धरून आणलं होतं.

"या काकी," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "तुमचं तोंडपाठच आहे. खालचं शेत, थोरल्याच्या नावानं. बरोबर?"

"धाकटीच्या," आई म्हणाली.

ट्रॅक्टरवाल्याची पेन्सिल थांबली. "कुणाच्या? झोपाळूच्या?"

हसण्याची एक लाट खळ्यावरून गेली. कुणीतरी म्हणालं, "नांगर चालला की जागी करा म्हणावं." आणखी हसले.

"कोण हसलं?" आई गरजली. "कोण बोललं ते? पुढं या! माझ्या पोरीला नावं ठेवायला लाज नाही वाटत? कुणी दिला तुम्हाला हक्क?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी शेजारीण, जिचं दार आईच्या दारासमोर आहे आणि जी आजवर तिला कधी उलटून बोलली नव्हती, ती म्हणाली, "अगं पण तूच ठेवलंस ना ते नाव? इथंच तर, पोत्यांपाशी उभी राहून."

लांब चढावर गाडीच्या इंजिनाचा आवाज येऊ लागला. धाकटी उठून उभी राहिली आणि तिनं पेटीची कडी धरली.

आईनं नवऱ्याकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. तिनं गाडीच्या दिशेनं पाहिलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"काय?" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"ऐकू आलं नाही," रस्त्यावरून धाकटी म्हणाली. तिनं मान वळवली नव्हती.

आणि मग आईचा बांध फुटला. "चुकलं माझं!" ती अशी ओरडली की कडेचं कुत्रं भुंकत पळालं. "चुकलं! ऐका सगळे! खालचं शेत वर्षभर हिनं कसलं! तो मका हिचा, ती निंदणी हिची, ती कापणी हिची! डाव्या हातानं, एकटीनं! हा माझा दिवटा इंजिनं खोलत होता आणि तिच्या घामावर शाबासकी घेत होता! आणि मी, मी आई तिची, मला मुठीवरनं माणूस कळतं म्हणून मिरवणारी, मी इथं उभी राहून हिला झोपाळू म्हणाले! झोपले होते ती मी! झालं समाधान? का अजून मोठ्यानं सांगू?"

कुणी हसलं नाही. थोरल्यानं मान खाली घातली, मग तीच वर करून "खरं आहे" असं म्हणाला. एवढं तरी त्यानं केलं.

गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. "शहर?"

धाकटीनं पायरीकडे बघितलं आणि पेटीची कडी सोडून दिली. मग म्हणाली, "नाही. जा तुम्ही."

पेटी रस्त्यावरच ठेवून ती खळ्यावर आली आणि ट्रॅक्टरवाल्याच्या समोर उकिडवी बसली.

"मग काय लिहू?" तो डोकं खाजवत म्हणाला. "गावात धाकट्या पाच आहेत. घोळ होईल."

"झोपाळू लिहा," धाकटी म्हणाली.

"खबरदार!" आई धावली. "खोड ते! अजिबात लिहायचं नाही!"

"आई, तू थांब जरा. माझं शेत आहे ना? मग मी बोलते." धाकटीनं वहीवर बोट ठेवलं, डाव्या हाताचं. "झोपाळूच लिहा, सगळ्यांना तेच माहीत आहे. पण पाळी पहिली पाहिजे."

"पहिली गिरणीवाल्याची असते."

"गेल्या वर्षी त्याच्या बांधाकडेला तुमचं चाक रुतलं आणि चार दिवस गेले. दोरखंड धरायला मी होते, आठवतंय? तिथली जमीन अजून ओलीच आहे, मी काल पाय रोवून बघितली. माझी वाळली आहे. अर्ध्या दिवसात उरकेल. तोवर त्याची वाळेल. मग जा त्याच्याकडं."

ट्रॅक्टरवाल्यानं गिरणीवाल्याकडे पाहिलं. गिरणीवाल्यानं खांदे उडवले. पेन्सिलीनं एक ओळ खोडली गेली आणि वर नवी लिहिली गेली. मग दरवर्षीप्रमाणे त्यानं उभं राहून मोठ्यानं वाचलं, "पहिली पाळी, झोपाळू!" लोकांनी माना डोलावल्या. त्या नावात हसण्यासारखं आता कुणालाच काही सापडलं नाही. ते गावातल्या इतर नावांसारखंच एक नाव झालं होतं, आणि ते कायमचं राहणार हे आईला तिथं उभ्या उभ्या समजलं.

धाकटी ट्रॅक्टरवाल्याला बांध दाखवायला उताराकडे निघाली. जाता जाता म्हणाली, "पेटी तेवढी घरी ने."

"मी? माझा गुडघा बघितलास?"

पण ती धुक्यात गेलीही होती. थोरला पुढे झाला तर आईनं त्याचा हात झिडकारला. नवऱ्यालाही पेटीला हात लावू दिला नाही. तिनं ती पेटी स्वतः उचलली, डोक्यावर घेतली, आणि लंगडत, धुसफुसत, थंडीला, पत्र्याला आणि पंपवाल्याला शिव्या देत घराकडे चालू लागली.

"सांभाळून जा गं, झोपाळूची आई," मागून शेजारीण म्हणाली. "वाट ओली आहे."

आई गर्रकन वळली. जिभेवर शिवी अगदी तयार होती. पण ती कुणाला घालायची, तेच तिला समजेना.